प्रायर, एलिस आणि २,३८३ मतं

मतदान संध्याकाळी सहाला संपलं. पावणेसात वाजले तरी आमचा एक आकडा जुळत नव्हता. दिलेल्या मतपत्रिका ६१२, मशीनने वाचलेल्या ६११. तारीख ७ नोव्हेंबर २०२३, केंटकीच्या गव्हर्नरची निवडणूक, एका शाळेची जिम, आणि घड्याळाकडे बघत उभे असलेले आम्ही चौघं.

इथे केंटकीत प्रत्येक मतदान केंद्रावर चार माणसं बसवतात: दोन जज, एक क्लार्क, एक शेरीफ. त्यातले दोघं एका पक्षाच्या यादीतले, दोघं दुसऱ्या. मी त्या दिवशी शेरीफ होते. हा शेरीफ पोलिसातला नव्हे. पहाटे सहाला दार उघडायचं, दिवसभर रांग सांभाळायची आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभं राहायचं, की यानंतर कोणी नाही. नागरिकत्व मिळाल्यापासून हे काम मी तिसऱ्यांदा करत होते.

मी थकले होते. पहाटे चारला उठले होते. मी म्हटलं, एकाच मताचा फरक आहे, कोणीतरी सही करून मतपत्रिका घेतली असेल आणि मशीनमध्ये न टाकताच निघून गेलं असेल, तसं लिहून टाकू या. जज म्हणून बसलेल्या बाई सत्तरीच्या होत्या, निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या पक्षाच्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "लिहून टाकायचं नाही, बाळा. शोधायचं. मोजणीवरचा विश्वास उडाला म्हणून या राज्याने एक गव्हर्नर गमावलाय."

शोधलं. चाळीस मिनिटं लागली. दुपारी एका आजोबांनी चुकीचा गोल भरला म्हणून त्यांना दुसरी मतपत्रिका दिली होती. पहिली, बाद झालेली, पाकिटात जायला हवी होती, ती कोऱ्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकून पडली होती. क्लार्कच्या बोटांना ती लागली तेव्हा त्या जिममध्ये आम्ही चौघांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग मशीनमधून निघालेल्या निकालाच्या लांबलचक पट्टीवर चौघांनी सह्या केल्या, पिशवीला सील लावलं आणि घरी गेलो.

पण बाईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. गाडीपर्यंत जाताना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "गोबेल. १८९९. वाच." त्या हिवाळ्यात मी दुसरं काही फारसं वाचलंच नाही. पहिल्याच रात्री कळलं की ती निवडणूकही ७ नोव्हेंबरलाच झाली होती, मंगळवारीच. त्यानंतर झोप लागेना.

विल्यम गोबेल. जन्म १८५६ चा, पेनसिल्व्हेनियातला. आईवडील जर्मनीहून आलेले, घरातली भाषा जर्मन. पुढे कुटुंब ओहायो नदीच्या काठी कोव्हिंग्टनला आलं. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले, आणि मुलगा डेमोक्रॅटिक पक्षात, जिथे दक्षिणेच्या सैन्यात लढलेल्यांचा शब्द चालायचा. लग्न केलं नाही. हसून बोलणं, पाठीवर थाप मारणं, पोराबाळांची चौकशी करणं, राजकारणात लागतं ते यातलं काही त्याला जमत नव्हतं. माणसं त्याला घाबरायची किंवा त्याच्या मागे चालायची. घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी बोलून मोठं झालेल्या माणसाचं ते अवघडलेपण मला फोटोतही दिसतं. ते मी माझ्या मुलीत बघितलं आहे, स्वतःत तर रोजच बघते.

वकील म्हणून तो हुशार होता. रेल्वेत हातपाय गमावलेल्या कामगारांचे खटले लढायचा. त्या काळी केंटकीत रेल्वे म्हणजे लुईव्हिल अँड नॅशव्हिल, सगळे तिला 'एल अँड एन' म्हणत. शेतकऱ्याच्या मालाचं भाडं ती ठरवायची आणि विधिमंडळात आमदार कोणी व्हावं यातही तिचा हात असायचा. गोबेल राज्याच्या सिनेटमध्ये आला तो तिच्याशी वैर घेऊनच. १८९१ ची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा त्याने खटपट करून रेल्वे कमिशन घटनेतच बसवून टाकलं, म्हणजे पुढच्या कुठल्याही विधिमंडळाला ते सहजासहजी मोडता येऊ नये. भाडी ठरवण्याचा अधिकार त्या कमिशनला देणारं विधेयक १८९८ मध्ये मंजूर झालं, त्यावर गव्हर्नर ब्रॅडली यांनी नकाराधिकार वापरला. मी त्या वेळी तिथे असते तर गोबेललाच मत दिलं असतं. (अर्थात बाई म्हणून मला मतच नसतं, ती गोष्ट वेगळी.) हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्याविरुद्ध जाणारं आहे.

त्याच्या हाताला रक्तही लागलेलं होतं. १८९५ मध्ये कोव्हिंग्टनच्या बँकेच्या पायऱ्यांवर जॉन सँडफर्ड या बँकरशी त्याची गाठ पडली. दोघांचं जुनं वैर, त्यात गोबेलने सँडफर्डबद्दल वर्तमानपत्रात अतिशय घाणेरडं काही छापलेलं. दोघांनी गोळ्या झाडल्या. आधी कोणी, हे बघणाऱ्यांनाही सांगता आलं नाही. सँडफर्ड मेला, गोबेल स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. केंटकीचा गव्हर्नर आजही शपथ घेताना सांगतो की मी प्राणघातक शस्त्रांनी द्वंद्व खेळलेलो नाही. लोक त्या वाक्याला हसतात. मला सँडफर्ड आठवल्यावर हसू येत नाही.

आता मूळ गोष्ट. त्याच १८९५ मध्ये केंटकीने पहिल्यांदा रिपब्लिकन गव्हर्नर निवडून दिला, तेच हे ब्रॅडली. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन मॅकिन्ली यांनी डेमोक्रॅट ब्रायन यांच्यावर हे राज्य तीनशेहूनही कमी मतांनी जिंकलं. संबंध राज्यात तीनशेसुद्धा नाहीत! डेमोक्रॅट हबकले. ते म्हणू लागले की शहरांत मोजणीत लबाडी झाली, आणि काही ठिकाणी ती झालीही असेल. गोबेलने त्यावर १८९८ मध्ये कायदा आणला. राज्याचं एक निवडणूक मंडळ, त्यावर तीन आयुक्त, तिघांना निवडणार विधिमंडळ. हे तिघं प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आपली माणसं नेमणार, ती माणसं प्रत्येक मतदान केंद्रावरची माणसं नेमणार, आणि शेवटी निकाल जाहीर करणार पुन्हा हे तिघंच. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचं, त्यामुळे तिन्ही आयुक्त डेमोक्रॅट. ब्रॅडली यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो मोडून काढला. लोकांनी त्याला नावच 'गोबेलचा कायदा' दिलं. पुढच्याच वर्षी गोबेल स्वतः गव्हर्नरपदाला उभा राहणार होता.

शाळेच्या जिममधलं ते टेबल मी डोळ्यांपुढे आणते. त्या कायद्याने तिथली चारही माणसं एकाच पक्षाच्या हाताने नेमली गेली असती. मग ती बाद मतपत्रिका शोधा असं कोण म्हणालं असतं? मी तर म्हणाले नव्हते. माझ्या समोरच्या बाजूची बाई म्हणाली.

गोबेलला पक्षाची उमेदवारी मात्र अजून मिळालेली नव्हती, आणि ती त्याने ज्या रीतीने मिळवली तिथेच पुढच्या सगळ्याचं बी आहे असं माझं मत झालं आहे. जून १८९९, लुईव्हिल, मार्केट स्ट्रीटवरच्या म्युझिक हॉलमधलं पक्षाचं अधिवेशन. मी त्या रस्त्याने कामाला जाते. इच्छुक तिघं. पी. वॅट हार्डिन, १८९५ चे पराभूत उमेदवार, बोलायला फर्डे, आणि एल अँड एनचा वरदहस्त असलेले. विल्यम स्टोन, माजी काँग्रेसमन, पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचे लाडके. आणि गोबेल. सर्वांत पुढे हार्डिन होते.

अधिवेशनाच्या तोंडावर गोबेल आणि स्टोन एकत्र बसले आणि त्यांच्यात करार झाला. लुईव्हिलचे जे प्रतिनिधी गोबेलकडे होते त्यातले निम्मे स्टोनला मत देतील, आणि दोघांपैकी एक जण बाहेर पडला तर त्याची माणसं हार्डिनकडे न जाता दुसऱ्याकडे वळतील. अध्यक्षाच्या खुर्चीवर ब्रेथिट काउंटीचे न्यायाधीश डेव्हिड रेडवाइन बसले, गोबेलचा माणूस. कराराची कुणकुण हार्डिनना लागली. दोघं एक झाले म्हणजे आपलं काही खरं नाही, असं मानून त्यांनी माघारच घेतली.

स्टोनच्या छावणीत त्या घटकेला काय आनंद झाला असेल! आता तिकीट आपलंच. आणि गोबेलने शब्द मोडला. ठरलेली मतं स्टोनना मिळालीच नाहीत. स्टोन फसले हे दिसताच हार्डिन पुन्हा रिंगणात उतरले.

त्यानंतरचे दिवस मी वाचले ते अंगावर काटा घेऊन. फेरीमागून फेरी, वीसहून जास्त फेऱ्या, कोणालाच बहुमत नाही. हॉलमध्ये पोलीस उभे, ते कशाला आणले म्हणून ओरडा. चिडलेले प्रतिनिधी खुर्च्यांवर उभे राहून गाणी म्हणू लागले, शिंगं फुंकू लागले, आरडाओरडा करू लागले, कारण काउंटीचं नाव पुकारलेलं ऐकूच आलं नाही तर मतदान होणार नाही. जूनचा उकाडा, बंद हॉल, घसे बसलेले. रेडवाइन खुर्चीवरून हलले नाहीत. शेवटी ठरलं की पुढच्या फेरीत ज्याला सगळ्यांत कमी मतं पडतील त्याला वगळायचं.

वगळले गेले ते स्टोन.

स्टोनच्या माणसांच्या जागी मी स्वतःला बसवून बघितलं. बैलगाडीच्या रस्त्यांवरून, मग रेल्वेने, आपल्या माणसासाठी लुईव्हिलपर्यंत आलेले शेतकरी. आता त्यांच्यापुढे दोनच नावं. एक रेल्वेचा माणूस, आणि दुसरा त्यांच्याच नेत्याचा गळा कापलेला माणूस. त्यातले पुरेसे गोबेलकडे गेले. रेल्वेचा राग दगाबाजीच्या रागापेक्षा जुना होता. गोबेलला तिकीट मिळालं.

पण गेले नाहीत ते कायमचे गेले. पक्षातल्या नाराजांनी ऑगस्टमध्ये लेक्सिंग्टनला वेगळी सभा भरवून माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन यांना उभं केलं. 'प्रामाणिक निवडणूक' हीच त्यांची घोषणा. रिपब्लिकनांनी राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल विल्यम टेलर यांना तिकीट दिलं. पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांच्या बाजूच्या छोट्या पक्षाचाही उमेदवार होता. गोबेल गावोगाव एल अँड एनवर तुटून पडत होता, ब्रायन स्वतः त्याच्यासाठी प्रचाराला येऊन गेले. निवडणुकीच्या दिवशी ब्रॅडली यांनी लुईव्हिलमध्ये मिलिशिया, म्हणजे राज्याची फौज, उतरवली.

निकाल आला. टेलर १,९३,७१४. गोबेल १,९१,३३१. फरक २,३८३. ब्राउन यांना पडली होती १२,१४०.

ही बारा हजार मतं म्हणजे म्युझिक हॉलचं बिल होतं असं मला वाटतं. त्यातले पाचातला एक जरी परत आला असता तरी गोबेल सरळ निवडून आला असता. कायदा, मंडळ, कशाकशाची गरज पडली नसती.

पण मंडळ होतं, आणि सगळ्या राज्याच्या नजरा त्या तिघांवर होत्या. विल्यम प्रायर, अपील कोर्टाचे माजी सरन्यायाधीश, म्हातारे. विल्यम एलिस, ओवेन्सबरोचे, माजी काँग्रेसमन. चार्ल्स पॉइंट्झ, मेजव्हिलचे. तिघंही डेमोक्रॅट, तिघंही गोबेलच्या कायद्याने त्या खुर्चीत बसलेले. गोबेलच्या वकिलांचं म्हणणं सोपं होतं: काही काउंट्यांमध्ये मतपत्रिका इतक्या पातळ कागदावर छापल्या होत्या की आरपार खूण दिसायची, मत गुप्त राहिलंच नाही, ती सगळी मतं रद्द करा. लुईव्हिलमध्ये बंदुका घेतलेले शिपाई होते, तिथली मतं रद्द करा. यातलं थोडंफार मान्य केलं असतं तरी २,३८३ चा फरक पुसला जात होता. अख्खं राज्य धरून चाललं होतं की हे तिघं तेच करणार. त्यासाठीच तर ते तिथे बसवले होते.

९ डिसेंबर १८९९ ला निर्णय झाला. दोन विरुद्ध एक. टेलर निवडून आले.

प्रायर आणि एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमचं काम काउंट्यांकडून आलेल्या आकड्यांची बेरीज करण्याचं. आम्ही न्यायालय नाही. त्या आकड्यांच्या मागे जाऊन कुठली मतं खरी आणि कुठली खोटी हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. तक्रार असेल तर घटनेप्रमाणे ती विधिमंडळापुढे न्या.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते रात्री साडेअकराला, स्वयंपाकघरात उभ्यानेच, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणत होते की या मंडळाला हवं ते करण्याची सत्ता दिली आहे, आणि मंडळावरचीच दोन माणसं म्हणत होती, नाही, आम्हाला ती सत्ता नाही. त्यांना टेलर आवडत होते म्हणून नव्हे. स्वतःच्या पक्षातली आयुष्यभराची मैत्री, मान, उद्या लागणारा आधार, सगळं पणाला लावून त्यांनी एक बेरीज बरोबर केली. पॉइंट्झ यांनी विरुद्ध मत दिलं, तेही त्यांना मनापासून पटलं असेल, पातळ कागदाची तक्रार काही पोकळ नव्हती. थोड्याच दिवसांत प्रायर आणि एलिस दोघांनीही राजीनामे दिले.

१२ डिसेंबरला टेलर यांनी शपथ घेतली. गोष्ट इथे संपायला हवी होती. खुद्द गोबेलही काही काळ थांबायच्या विचारात होता म्हणतात. पक्षाने थांबू दिलं नाही, आणि जानेवारीत निकालाविरुद्धची तक्रार विधिमंडळापुढे आली. ती ऐकायला अकरा जणांची समिती, नावं पेटीतून चिठ्ठ्या काढून ठरवायची. चिठ्ठ्या निघाल्या त्या जवळजवळ सगळ्या डेमोक्रॅटांच्या. पेटीत हात कोणाचा होता यावर तेव्हापासून वाद आहे.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. २५ जानेवारी १९०० ला पूर्वेच्या डोंगराळ भागातून बंदुका घेतलेली शेकडो माणसं आगगाडीने फ्रँकफर्टला, केंटकीच्या राजधानीत, उतरली, रिपब्लिकनांनी बोलावलेली. ३० जानेवारीला सकाळी अकरानंतर गोबेल दोन सोबत्यांबरोबर कॅपिटॉलकडे, विधिमंडळाच्या इमारतीकडे, चालत निघाला होता. शेजारच्या सरकारी इमारतीतून गोळ्या आल्या. एक त्याला लागली. त्याला कॅपिटल हॉटेलात उचलून नेलं. टेलर यांनी बंडाळी जाहीर केली आणि विधिमंडळाला लंडन नावाच्या गावी हलवायचा हुकूम काढला, कारण तो रिपब्लिकनांचा भाग. फ्रँकफर्टमध्ये आमदारांना दारं बंद, रस्त्यांवर शिपाई. डेमोक्रॅट आमदार ३१ जानेवारीला हॉटेलातच जमले, पुरेशी मतं रद्द ठरवली आणि गोबेलला विजयी जाहीर केलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शपथ घेतली. गव्हर्नर म्हणून त्याने एक हुकूम काढला तो मिलिशियाने घरी जावं असा. ३ फेब्रुवारीला तो गेला. वय ४४. अमेरिकेत पदावर असताना खून झालेला तो एकमेव गव्हर्नर आहे.

काही आठवडे केंटकीत दोन गव्हर्नर होते, टेलर आणि गोबेलबरोबर उपगव्हर्नर म्हणून जाहीर झालेला बेकहॅम, तिशीतला तरुण. प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २१ मे १९०० ला न्यायालयाने सांगितलं की हा राज्याचा मामला, आम्ही हात घालणार नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी वेगळं मत लिहिलं, तेही मूळचे केंटकीचेच. टेलर इंडियानाला निघून गेले ते केंटकीत परत आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. खुनाच्या खटल्यांत तिघांना शिक्षा झाली. त्यातले कॅलेब पॉवर्स, टेलर यांच्याबरोबर निवडून आलेले सेक्रेटरी ऑफ स्टेट, चार वेळा खटल्याला उभे राहिले, १९०८ मध्ये माफी मिळून सुटले आणि नंतर काँग्रेसमध्ये निवडून गेले. गोळी कोणाच्या हातून सुटली हे आजही नक्की कोणी सांगू शकत नाही. मी त्या खोलात शिरले नाही. माझं मन ९ डिसेंबरवरच अडकून राहिलं.

'गोबेलचा कायदा' १९०० सालातच बदलला गेला, बेकहॅम गव्हर्नर असताना, डेमोक्रॅटांच्याच विधिमंडळाकडून. दोन्ही पक्षांना मंडळात जागा मिळाली.

मागच्या एप्रिलमध्ये मुलीला घेऊन फ्रँकफर्टला गेले. जुनं कॅपिटॉल अजून आहे, चुनखडीच्या दगडाचं, खांबांचं, आत तो प्रसिद्ध गोल जिना, दगडावर दगड तोललेला, खाली आधार नाही. बाहेर गोबेलचा पुतळा उभा आहे. पुतळ्यापासून थोडं पुढे, वाटेवर, तो जिथे पडला तिथे जमिनीत पाटी बसवली आहे. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पाटीवरच्या अक्षरांत पाणी साचलं होतं. मुलगी उकिडवी बसली आणि बोटाने एकेक अक्षर कोरडं करत वाचत गेली. सोळा वर्षांची आहे. वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

"आई, पण मग जिंकलं कोण?"

मी म्हटलं, "टेलर. २,३८३ मतांनी."

"मग पुतळा याचा का?"

"याला मारलं म्हणून. आणि लोकांचं खरंच प्रेम होतं त्याच्यावर."

"आणि ते दोघं? तू रोज सांगतेस ते?"

आम्ही हिरवळीवर, आवारात, आतल्या दालनांतही शोधलं. प्रायर आणि एलिस यांच्या नावाचं काही आमच्या नजरेला पडलं नाही. माहिती सांगायला बसलेल्या गृहस्थांना विचारलं. ते फार आनंदाने उठले, म्हणाले की हे कोणी विचारत नाही, आणि अर्धा तास आमच्याशी बोलत बसले. प्रायर म्हातारपणी कसे होते, एलिस यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले, म्हणजे पक्षाशी निष्ठा त्यांच्या किती हाडात असेल, असं सगळं. निघताना मुलीने त्यांना विचारलं की त्या दोघांनी त्या वेळी काही वेगळं केलं असतं तर गोबेल वाचला असता का. ते म्हणाले, "कदाचित. मग आणखी कोणी मेलं असतं."

परतीच्या वाटेत ती बराच वेळ गप्प होती. शेल्बीव्हिल मागे पडल्यावर म्हणाली, "तू त्या दिवशी ते एक मत सोडून देणार होतीस, हो ना?"

मी हो म्हटलं.

पुढच्या निवडणुकीच्या कामाचा अर्ज गेल्या आठवड्यात भरून पाठवला. त्यात खाली एक रकाना असतो, काही विशेष विनंती असल्यास. दर वेळी मी तो कोरा ठेवते. या वेळी लिहिलं की शेरीफचं काम नको, जज किंवा क्लार्क म्हणून टेबलावर बसवा, आणि शक्य असेल तर मागच्या वेळच्या त्या बाईंच्या समोरच.